नदीच्या मधोमध बसलेला लटारू

वैनगंगेच्या ऐन मधोमध लटारू वाळूच्या बेटावर चढला आणि बसून राहिला. १९५७ सालची पोहण्याची शर्यत होती. आरमोरीकडच्या काठावर दोनेकशे माणसं जमली होती. मागून येणारे सगळे त्याला ओलांडून गेले. पायात गोळा आला असेल, असं वाटलं. पण तो गुडघ्यांना मिठी मारून नुसता पाण्याकडे बघत होता. माझ्या शेजारी बसलेले पाहुणे साहेब म्हणाले, "गुरुजी, हाच का तुमचा लटारू?" ही शर्यत मीच सुरू केली होती.

लटारू जातीनं ढिवर, मासेमारीवर जगणारा. पहाटे जाळी काढून झाली की तो उगाच पलीकडच्या काठापर्यंत पोहत जायचा आणि परत यायचा. वल्हवायला स्वतःचा डोंगा असताना! पाणमांजर कसं वळतं ते तासन् तास बघायचा आणि तसं वळून पाहायचा. त्याची बायको कुंता म्हणायची, "याले नदीचं येड लागलं." मी त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "पान्यात गेलो का डोस्क्यातला सारा गलका बंद होते, गुरुजी."

एवढा गुणी माणूस वाया जाऊ नये म्हणून १९५५ मध्ये मी शर्यत भरवली. तो जिंकला, पितळी घागर मिळाली. मग गावात कोणी साहेब आला की पोहून दाखवायला मी लटारूला बोलावणं धाडायचो. टाळ्या व्हायच्या, कधी धोतर मिळायचं, कधी नारळ. मी खूश होतो. एका पहाटे तो काठावर कोरडाच बसलेला दिसला.

"आज कोनी साहेब येऊन राह्यले का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मंग काहाले भिजू?"

मी तेव्हा हसलो होतो! शर्यतीच्या दिवशी डोंग्यातून बेटाकडे जाताना ते हसणं आठवलं.

"काय झालं, लटारूभाऊ?"

"काई नाई. मधात आलो अन् मनात आलं, हे कोनासाठी करून राह्यलो? हातच थांबले." मग हळूच म्हणाला, "तुमी मले लय देलं, गुरुजी. पर माझं जे होतं थे कुठी गेलं, मले सापडत नाई."

मी शर्यत बंद केली. पण लटारू पाण्यात उतरला नाही. दीड वर्ष तो डोंग्यातूनच मासे धरत राहिला.

एकदा फाल्गुनात मी त्याच्या अंगणात बसलो असताना कुंता त्याला म्हणाली, "मले पोहाले शिकवा."

लटारूच्या हातातलं जाळं खाली पडलं. मीही चाट पडलो. कुंता पस्तिशीची. आयुष्यभर तळ्यात गुडघाभर पाण्यात मासे धरलेली, पण जमिनीवरून पाय कधी न उचललेली.

"तुले? या वयात? काऊन?"

"तुमाले पान्यात काय भेटत होतं, थे मले पाहाचं हाय."

घाटावर बाया तोंडाला पदर लावून बघत राहायच्या. कुंता लुगड्याचा काचा मारून उतरायची, नाकातोंडात पाणी जायचं, खोकायची, लटारूवर ओरडायची, पुन्हा उतरायची. तिला ना घागर मिळणार होती, ना कोणाची शाबासकी.

आठ-दहा दिवसांनी मी शाळेत जाताना थबकलो. कुंता डोंग्याची कड धरून पाय मारत होती आणि लटारू तिला दाखवता दाखवता पुढे निघून गेला होता.

"अवो, मले सोडून कुठी चालले?" ती ओरडली.

त्याला ऐकूच गेलं नाही. पार पलीकडच्या काठाला हात लागल्यावर तो दचकून मागे वळला. मी शाबासकीची हाक मारायला तोंड उघडलं आणि स्वतःच हात तोंडावर दाबला.

कुंता दोन वर्षांत निम्म्या नदीपर्यंत जाऊ लागली. त्यानंतर कोणी साहेब आले की मी त्यांना शाळा दाखवायचो. नदीकडे नेत नसे.