चिमट्यांची टोपी

न्यूझीलंडमधल्या रोटोटुनातला आमचा शेजारी जन्मानं किवी, पण आजी स्कॉटिश म्हणून स्कॉटलंडच्या संघातून रग्बी खेळून आलेला. देशाकडून खेळल्याची मखमली टोपी मिळाली होती, तिच्यात हा पठ्ठ्या कपड्यांचे चिमटे ठेवायचा. मोडक्या नाकाचं विचारलं तर म्हणायचा, "एकदा इथं मोडलं, एकदा तिथं. स्वीट ॲज, एकदम झकास!"

या दोन देशांची मॅच असली की आम्ही त्याच्याकडे जमायचो. राष्ट्रगीतं सुरू झाली रे झाली, की हा टोपी उचलून परसात. "वाळलेले कपडे काढून आणतो!" सगळे हसायचे, मीही.

एकदा त्याच वेळी मी गॅरेजमधून बिअर आणायला मागं गेलो. टीव्हीचा आवाज परसापर्यंत येत होता. दोन्ही राष्ट्रगीतं संपेपर्यंत हा ताठ उभा होता, चिमट्यांसकट टोपी छातीशी धरून. दोरीवर एकही कपडा नव्हता.