राखाडीवर राखाडी
उन्हात मोबाईलवर हाताची सावली धरली की गुंजवणी नदीच्या काठावरचा तो दहावा आठवतो आणि अजून शिसारी येते. आमच्या भजनी मंडळातले पेटीवाले वारले होते आणि त्यांचे जन्माचे सोबती, आमचे गायक काका, घाटावर अभंग म्हणणार होते. पेटी वाजवायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून सुराला मोबाईलवरचा तानपुरा. त्या ॲपनं नेमकं त्याच आठवड्यात रूप बदललेलं: राखाडीवर राखाडी अक्षरं, तीही मुंगीएवढी. ओल्या दर्भाचा वास, डोक्यावर ऊन, काका पडद्यावर चाचपडत म्हणाले, "हितं काय दिसतंय रं?" त्यांची पट्टी काळी एक, बोट पडलं पार वरच्या काळी चारवर. दहाव्याला उचललेला अभंग मध्येच मोडत नाहीत. दुसऱ्याच कडव्याला त्या चढ्या सुरात त्यांचा आवाज फाटला. बायका डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "लई जीव व्हता दोघांचा." परतताना काका तोंड कडू करून म्हणाले, "म्या रडलो न्हाई. दोस्ताला धड गाऊन पोचवता बी आलं न्हाई." काल त्याच ॲपनं मला विचारलं, आमचं नवं रूप आवडलं का? तेही राखाडीतच, आणि 'नाही'चं बटण मला शोधूनही दिसलं नाही.