थोरलीच्या बारवेतली तुपाची पळी

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. नव्वदी ओलांडली, आता थोड्याच दिवसांत मी स्वतःच त्या बाजूला जाणार, तरी नाही. माझे वडील बीदरला मास्तर होते. अंगारा, ताईत, उतारा असलं काही त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, आणि मी त्यांचीच मुलगी. इथं लोक लिहितात की पांढऱ्या साडीतली बाई दिसली, पाय उलटे होते... वाचून मला हसू येतं. नात म्हणाली, आजी, हसतेस काय, तुझी बारवेची गोष्ट सांग की, मी टाईप करते. तेव्हा मी सांगतेय आणि ती टाईप करतेय. चुका असतील तर तिच्या.

माझं सासर बसवकल्याणजवळ. तेव्हा त्याला सगळे नुसतं कल्याणीच म्हणत, आणि राज्य निजामाचं. कल्याणीहून उमरग्याच्या वाटेला लागलं की दोन कोसांवर आमचं गाव. नाव देत नाही, उगाच पोरं सेल्फी काढायला जायची. गावाच्या उगवतीला, बांगड्या भरणाऱ्या मणेरांच्या घरांपलीकडे, लाल जांभ्या दगडात खणलेली जुनी पायऱ्यांची विहीर आहे. तिला थोरलीची बारव म्हणतात.

थोरली म्हणजे ज्यानं ती बारव बांधली त्याची मोठी मुलगी. लग्न ठरलेलं, घरात भांडीकुंडी येऊन पडलेली, आणि पोर पाय घसरून त्याच बारवेत गेली. बापानं लग्नाची सगळी भांडी तिच्यामागं पाण्यात सोडली. तेव्हापासून म्हणे गावात कुणा गरिबाच्या घरी लग्न निघालं, की घरच्या बाईनं भर दुपारी जाऊन पायरीवर सांगायचं, "थोरले, आमच्याकडं लग्न हाय." दुसऱ्या दिवशी पायरीवर भांडी ठेवलेली. लग्न झालं की घासून, पुसून, रिकामी परत नेऊन ठेवायची. पुढं कुणा बाईला मोह झाला आणि तिनं तूप वाढायची पळी ठेवून घेतली. त्या दिवसापासून थोरलीनं देणं बंद केलं. तीन पिढ्यांत कुणी भांडं बघितलं नव्हतं, तरी दुपारी तिकडं कुणी फिरकत नसे. भांडी वाजतात म्हणायचे. गुराखीसुद्धा म्हशी लांबून वळवायचे.

मी लग्न होऊन आले तेव्हा ही गोष्ट मला पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी सांगितली. मी म्हटलं, "आत्या, भांडी पाण्यात इतकी वर्षं राहिली तर कल्हई राहील का?" नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, शिकलेल्या सुनेपुढं गप्प बसल्या. किती मूर्ख होते मी.

गोष्ट आहे निजामाच्या राज्याच्या शेवटच्या उन्हाळ्यातली. दिवस बरे नव्हते. रझाकारांची रोज एक नवी बातमी यायची. ज्याला जमेल तो बायकापोरांना सोलापूरकडे, सरहद्दीपलीकडे पाठवत होता. आमचे हे आधीच गाडीत धान्य आणि भांडी घालून तिकडे जागा बघायला गेले होते. बाकी गावानं आपापली तांब्यापितळेची भांडी शेतात पुरली, विहिरीत सोडली. गावजेवणाची मोठी पातेली एका शेटजींकडे असायची, ते कुलूप लावून कधीच गेले होते. आमच्या घरात उरलं काय, तर तवा, चार मडकी आणि माझा एक उभट पितळी गंज. तो माझ्या आईनं दिलेला, तिच्या माघारी माझ्याकडे तेवढाच राहिलेला. त्यावर माझं नाव घातलेलं होतं. मी तो गाडीत चढवूच दिला नव्हता.

आणि अशात माझ्या नणंदेच्या सासरकडून सांगावा आला. म्हणजे होणाऱ्या सासरकडून. शांताक्काचं लग्न ठरलं होतं बीदरकडच्या घरात, मुहूर्त पुढच्या महिन्यातला. सांगावा असा, की आम्ही गाव सोडून सोलापूरला निघालोय, परवा तुमच्यावरूनच जाणार, लग्न लावून मुलगी बरोबर नेतो. जमत नसेल तर आमची वाट बघू नका.

शांताक्काची याआधी दोन लग्नं मोडली होती, एक तर अगदी हळद लागायच्या दिवशी. तिसरं मोडलं असतं तर... त्या काळात त्याचा अर्थ काय होता ते मी नातीला समजावून सांगायचा प्रयत्न केला, तिला काही पटलं नाही. शांताक्का मात्र चुलीपुढं बसून राहिली होती. मला तिचं ते बसणं बघवेना.

मामंजी म्हणाले, "पन्नास मान्सं येत्याल. हुग्गी कशात शिजवायची? मडक्यात व्हय?" आमच्याकडे लग्नात गव्हाची हुग्गी लागते, गूळ घालून केलेली, आणि वरून तूप. दारात येऊन उपाशी गेलेली वरात म्हणजे पुन्हा बोलायला निमित्तच.

दुपारी सासूबाईंनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं. देवाच्या फडताळातून त्यांनी एक लाल कापडाची गुंडाळी काढली. ती मी रोज पूजेच्या वेळी बघत होते. आत कुलदैवताचा टाक असेल असा माझा समज. त्यांनी ती सोडली. आत पितळेची पळी, आखूड दांड्याची, तूप वाढायची.

"ही तीच," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की कुणीतरी पळी ठेवून घेतली. कुणी, ते फक्त या घरातल्या बायकांना ठाऊक होतं. सासूनं सुनेला सांगायचं आणि कापड बांधून ठेवायचं. वापरायची छाती नाही, परत द्यायची लाज.

"माज्या सासूच्या सासूनं ठिवून घेतली. तवापासून या घरातल्या एका बी पोरीचं लगीन सरळ झालं न्हाई. माज्या नणंदेचं न्हाई, शांतीचं न्हाई. तू जा. तिला दिऊन ये."

"मी? मी कामून, आत्या? तुम्ही चला की."

"मी कोणत्या तोंडानं जाऊ? तू या घरात नवी हायस. तुज्यावर तिचा राग न्हाई."

वडील असते तर त्यांनी दोन शब्द सुनावले असते. मी मात्र पळी पदराखाली घेतली आणि निघाले. विश्वास बसला म्हणून नव्हे. त्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि एवढ्यानं तिचं समाधान होत असेल तर माझं काय जातंय, असं वाटलं.

बारवेत उतरले. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत गारवा. पाणी बरंच खाली गेलेलं, शेवाळाचा वास. पळी कोरड्या पायरीवर ठेवली. आता बोलायचं होतं. मला इतकं कसनुसं झालं! शेवटी शेजारच्या बाईकडं ताक मागावं तसं म्हटलं, "थोरल्याबाई, ही तुमची पळी. उशीर झाला. आमच्या शांताक्काचं परवा लग्न आहे, आणि आमच्याकडं भांडी नाहीत."

आणि आवाज आला. एकच. भिंतीपलीकडच्या घरात कुणी पातेलं खाली ठेवलं की येतो ना, तसा. मी थांबले. पुन्हा काही नाही. एक पारवा उडाला. मी म्हटलं, पारवाच असेल, आणि वर आले. पळत नाही, चालत आले, हे मुद्दाम सांगते.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर चांदबी मणेरीण आमच्या दारात. शांताक्काला चुडा भरायला तिला बोलावलं होतंच, पण ती बांगड्यांची पेटी न घेताच धावत आली होती. तिचं घर बारवेला अगदी लागून. "बहू, चलो, देखो," एवढंच म्हणाली.

वरच्या पायरीवर भांडी होती. दोन मोठी पातेली, परात, झाकण्या, वाढायची भांडी. स्वच्छ, कोरडी, आतून कल्हई चकचकीत. पळी नव्हती.

मी चांदबीला विचारलं, रात्री गाडी आली होती का? "रातकू कोई गाडी नै आई. गर्मी है ना, मैं तो आंगन मेंच सोती."

लग्न झालं. हुग्गी शिजली, वरात पोटभर जेवली. आमच्या बायकांची एक खोड असते, दुसऱ्याच्या घरचं भांडं हातात आलं की आधी फिरवून नाव बघायचं. त्या दिवशीही सगळ्या भांडी फिरवून बघत होत्या. एकाही भांड्यावर नाव नव्हतं. आमच्याकडं बिननावाचं भांडं म्हणजे बिनकुंकवाचं कपाळ. एकीनं विचारलं, "कुणाची गं?" सासूबाई म्हणाल्या, "शेजारची." आणि शांताक्का हिरवा चुडा घालून, गाडीत बसून, सोलापूरच्या वाटेनं गेली. ती जाताना मी पोटभर रडले.

भांडी घासली, पुसली. ती परत ठेवायला मीच गेले आणि तिथं मी घोळ घातला. रीत अशी की भांडी रिकामी ठेवायची. भुताला अन्न दाखवलं की ते मागं लागतं, हे तर शेंबडं पोरही सांगेल. पण माझ्या आईनं शेजाऱ्याचं भांडं कधी रिकामं परत दिलं नव्हतं. साखर घालेल, चार शेंगा घालेल, काहीच नसलं तर मीठ. दोन मोठी पातेली अशी कोरडी परत करायची मला लाजच वाटली. तिच्या भांड्यात तर घालायचं नाही. मग मी माझ्या गंजात हुग्गी भरली, वर तूप सोडलं आणि गंज भांड्यांशेजारी ठेवला. म्हटलं, गंज सकाळी घेऊन येऊ.

सकाळी पायऱ्या मोकळ्या. भांडी गेली, गंजही गेला.

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं येडे, तिला जेवाया घातलंस? आता ती दारात येऊन बसंल! शिकून हेच शिकलीस व्हय?" मी ऐकून घेतलं. मला भुताची भीती नव्हती, आईचा गंज गेला याचं दुःख होतं. चूल फुंकायचं निमित्त करून किती वेळा रडले असेन.

पुढं आम्हीही सोलापूरकडे गेलो. तिथं शांताक्का भेटली. सुखात होती, अंगानं भरली होती. पावसाळा तिकडेच काढला आणि पोलीस ॲक्शननंतर, दसऱ्याच्या सुमाराला, गावी परतलो. चांदबी आणि तिचा नवरा गावातच होते, गावानं त्यांना सांभाळलं. सगळ्या गावांत तसं झालं नाही, हे मला ठाऊक आहे.

त्या दिवसांत गावभर एकच काम, पुरलेली भांडी उकरायची आणि नावं वाचून ज्याची त्याला द्यायची. भांडणं झाली, चेष्टा झाली. मी घरोघर विचारलं, कुणाची बिननावाची पातेली होती का? कुणाचीच नव्हती. शेटजी परत आले, त्यांची पातेली कुलपातच होती.

आणि एका दुपारी चांदबी पुन्हा दारात. "बहू, तुमारा बर्तन आया."

बारव पावसानं निम्मी भरली होती. पाण्याच्या वरच्याच कोरड्या पायरीवर माझा गंज. आईनं घातलेलं नाव समोर. घासलेला, लखलखीत. आणि तो रिकामा नव्हता. काठावरून आखूड दांडा डोकावत होता.

तुपाची पळी.

मी गंज तसाच उचलून घरी आणला आणि सासूबाईंपुढं ठेवला. त्या बराच वेळ हात लावेनात. मग पळी काढली, दोन्ही हातांत धरली आणि रडायला लागल्या. अशा, की मामंजी बाहेरून धावत आले.

"तिनं दिली गं," त्या म्हणत होत्या. "ठिवून घेतल्याली न्हाई. तिनं दिली."

ती पळी पुन्हा कापडात गेली नाही. दिवाळीला सासूबाईंनी त्या पळीनं पहिल्यांदा तूप वाढलं, तेही माझ्या ताटात, सगळ्यांच्या आधी. त्यानंतर घरात पाच मुलींची लग्नं झाली. एकही अडलं नाही.

आता स्पष्टीकरण. आमचे हे म्हणायचे, परगावच्या कुणीतरी भांडी तिथं लपवली, तुमची नड कळली तेव्हा काढून दिली आणि पुढं दया येऊन गंजही ठेवला. असेल. पण मग तो कोण, आणि समोर का आला नाही? पाणी आटलं तेव्हा पोरांना तळाशी उतरवून बघितलं. गाळ निघाला, भांडं एकही नाही. मी शिकलेली बाई, आयुष्यभर विचार केला, मला उत्तर सापडलं नाही. भुतांवर माझा अजूनही विश्वास नाही.

ते कोण होतं, मला माहीत नाही. शेजार मात्र चांगला होता.