बाईचं हाड

"डोये खोटं बोलते, म्याडम. बोट लावून पाहा."

कुठलंही हाड हातात आलं की भाऊ हे म्हणायचे. मग डोळे मिटून, अंगठा त्या हाडावरून सावकाश फिरवायचे. आणि बहुतेक वेळा त्यानंतर कुणावर तरी चिडायचे.

भाऊ चिडके होते, हे आधीच सांगून टाकते. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या रागाला सगळे हसतात आणि राग कशाचा आहे ते कुणी विचारत नाही. मीही हसायची. ब्रह्मपुरीच्या पुढे, धानपट्ट्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी नवी डॉक्टर होते आणि भाऊ तिथल्या चिरघरात कामाला होते. चिरघर म्हणजे शवविच्छेदनाची खोली. भाऊ मूळचे सावली तालुक्यातले. उमेदीची वर्षं एका वैद्यकीय महाविद्यालयात हाडं धुण्यात, पुसण्यात आणि मुलांपुढे मांडण्यात गेलेली. शिकवणारे शिकवत राहिले, मुलं पास होऊन गेली आणि सगळं ज्ञान या दाराशी उभ्या माणसाकडे साठत गेलं. आता इथे अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर होते.

एकदा एका पोलिसाने पोतं उलटं करून हाडं टेबलावर ओतली. भाऊंनी त्याचा हात धरला.

"धान ओतून राह्यला का? माणूस आहे तो."

"माणूस कुठी आहे? हाडकं आहेत," पोलीस हसला.

"तुया आंगातबी तेच आहेत."

हाडांवरच्या उंचवट्यांची, खाचांची, भोकांची नावं मी परीक्षेपुरती पाठ केली आणि विसरले. भाऊंची नावं मात्र शेतातली होती. मांडीच्या हाडामागे जी उभी खरबरीत कड असते, तिला ते 'धुरा' म्हणत, म्हणजे शेताचा बांध. नस जाते ती पन्हळ म्हणजे 'पाट'.

"मांस जिथी ओढते तिथी धुरा चढते, म्याडम. बसून खानाऱ्याचा धुरा गुयगुयीत. आपल्या मोठ्या सायबाचा पाह्यला असता, पन ते अजून जिते आहेत."

आता मुख्य गोष्ट सांगते. ती सांगताना मला आजही राग येतो, आणि त्यातला बराचसा माझ्यावरच आहे.

तेंदूपत्त्याचे दिवस होते. पानं तोडणाऱ्या बायांना जंगलात हाडं सापडली. कवटी नव्हती. कमरेचं एका बाजूचं हाड जनावरांनी खाल्लेलं, दुसरं चिखलाने लिंपलेलं. बाहेर तापाच्या रुग्णांची रांग लागली होती. मी मांडीचं हाड उचललं. जाड होतं, धुरा चांगला उठलेला होता. मी अहवालात लिहिलं, 'पुरुष'. हाडं धुऊन होईपर्यंतही थांबले नाही.

चार दिवसांनी भाऊ माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्यांचा आवाज नेहमीसारखा चढलेला नव्हता, म्हणून मला भीती वाटली.

"म्याडम, नदीपलीकडची एक म्हातारी पोलीस ठान्यात तीनदा येऊन गेली. तिची पोरगी पत्ता तोडाले इकडे आली होती, वापस गेलीच नाई. ठान्यात सांगतलं, गवसली ते हाडं बाप्या मानसाची आहेत, तुयी पोरगी नाई, जाय घरी. तुमी लिवलं म्हनून सांगतलं."

"भाऊ, हाड किती जाड होतं..."

"चाला."

चिरघरात त्यांनी हाडं धुऊन, सुकवून, माणूस निजवावा तशी क्रमाने लावून ठेवली होती. कमरेच्या उरलेल्या हाडाच्या मागच्या कडेला एक मोठी खाच असते. त्यांनी माझा हात धरला आणि अंगठा त्या खाचेत ठेवला.

"हालते का?"

अंगठा डावी-उजवीकडे सहज हलत होता. पुरुषाच्या खाचेत तो अडकतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून त्याचे गुणही मिळवले होते.

"हालतोय," मी म्हणाले.

"तो धुरा मोळ्या वाहून चढला, म्याडम. लहानपनापासून डोक्यावर लाकडं, कमरेवर पानी. हाड दमदार दिसलं का मानसाचंच असते का? बाई काऊन नाई? तुमी सोता बाई आहात नं?"

मी पुन्हा एकदा अंगठा त्या खाचेत फिरवून पाहिला.

त्यांनी मग गळ्याखालचं डावं हाड माझ्या हातात दिलं. मध्यावर सुपारीएवढी गाठ होती. कधीतरी मोडलेलं आणि इलाजाविना जसं जुळेल तसं जुळलेलं. "हे तिच्या मायले ठाऊक असंन," भाऊ म्हणाले.

मी दवाखान्याच्या मोठ्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "एकदा गेलेला अहवाल आपण बदलत नाही. उगाच दवाखान्याची शोभा. सोमवारी बेवारस म्हणून दफन आहे. विषय संपला."

मी बाहेर येऊन भाऊंना तेच शब्द सांगितले. विषय संपला, हेसुद्धा.

सोमवारी सकाळी दफनासाठी माणसं आली, तर चिरघराला कुलूप आणि भाऊ गायब. किल्ली त्यांच्या खिशात. साहेब व्हरांड्यात ओरडत होते, "तोडा कुलूप!" पण त्या खोलीत सगळ्यांच्या आधी पाऊल टाकायला कुणीच तयार नव्हतं. शिपायाला हातोडी सापडेना. दुपारनंतर सापडली, तर तिचा दांडा निघालेला.

मंगळवारी दुपारी भाऊ आले. गडचिरोलीपर्यंत बस, पुढे जीप, त्यापुढे पायी जाऊन आले होते. चप्पल तुटलेली. मागे एक काटक म्हातारी. तिला मराठी थोडंच येत होतं, तिच्याशी ते मोडक्यातोडक्या गोंडीत बोलत.

तिला त्यांनी हाडांपाशी नेलं नाही. आधी स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, मग विचारलं, "पोरगी लहानपनी पडली होती का?"

म्हातारीने स्वतःच्या गळ्याखाली डावीकडे हात नेला. "बैलबंडीवरून," ती म्हणाली. "इथी."

भाऊंनी रुमालात गुंडाळलेलं ते हाड तिच्या ओंजळीत ठेवलं. तिने गाठ बोटांनी चाचपली. मग ते हाड पदराखाली घेऊन पोटाशी धरलं आणि खाली फरशीवर बसली. ती रडली नाही. भाऊ मात्र भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांचा राग कुठे गेला ते मला तेवढा वेळ कळलं नाही.

त्या दिवशी मी दुसरा अहवाल लिहिला. पहिला चुकला होता, असं स्पष्ट लिहिलं. साहेब माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत, इतकंच माझं नुकसान. हाडाचा नमुना आणि म्हातारीचं रक्त तपासणीला गेलं. निकाल येईपर्यंत हाडं चिरघरातच राहणार होती.

निकालाआधी भाऊंचा करार संपला. साहेबांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. कर्मचाऱ्याने परवानगीविना खोली कुलूपबंद केली आणि तो गैरहजर राहिला, हे खरं आहे का? खरंच होतं. मी सही केली. त्या कागदावर आणखी एक ओळ लिहायला पुरेशी जागा होती. मी ती लिहिली नाही. भाऊंना मिळालेल्या पत्रात म्हटलं होतं की या कर्मचाऱ्याला जबाबदारीची जाणीव नाही, म्हणून करार पुढे वाढवता येत नाही. भाऊंनी ते पत्र उभ्याउभ्या वाचलं, घडी घातली आणि मला म्हणाले, "हाडं ओल धरतीन. पावसायात आठवड्यातून एकदा काढून वारा देजा."

नंतर कळलं, गडचांदूरकडे चुनखडीच्या खाणीवर पहारेकरी म्हणून लागले. तिथला पत्ता मी कुणाला विचारला नाही.

निकाल सात महिन्यांनी आला. मुलगी तिचीच होती. ती मेली कशी, हे मात्र कागदात कुठेच नव्हतं. तेवढ्या दिवसांत पोलिसांनी ते शोधायचंही सोडून दिलं होतं.

म्हातारी आपल्या भावाला घेऊन आली. सोबत नवं पांढरं कापड आणलं होतं. हाडं मीच मांडून दिली. दोनदा क्रम चुकला. तिच्या भावाने गाठोडं बांधलं, पण म्हातारी उठेना. दाराकडे बघत बसली. बसची वेळ होत आली तेव्हा तिने मला विचारलं, "तो इथचा भाऊ कुठी गेला?"

मी म्हणाले, "त्यांची बदली झाली."

तिने मान हलवली. गाठोडं भावाकडून स्वतःच्या हातात घेतलं आणि म्हणाली, "मंग तिथच्या लोकायचं बरं झालं."