वीज गेल्यावरचे चौकोन

अमरावतीला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी आणि माझी अकोल्याची मैत्रीण मिळून एक प्रयोग करत होतो. सरांनी कुठूनसा गार्नेट नावाच्या स्फटिकाचा नखाएवढा पातळ तुकडा मिळवला होता. त्यावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे चुंबकीय चौकोन कोरलेले होते. सूक्ष्मदर्शकाखाली ते मधासारखे पिवळे दिसत. भोवतीचं चुंबकीय क्षेत्र उलट्या दिशेनं हळूहळू वाढवत नेलं, की त्यांतला एखादा अचानक आपले उत्तर-दक्षिण ध्रुव पालटे आणि गडद तपकिरी होई. शेजारचा मात्र तसाच पिवळा. तुकड्याच्या कडेला, जिथं काही कोरलं नव्हतं, तिथं दोन्ही रंगांचे नागमोडी पट्टे एकमेकांत शिरलेले असत. त्यांना डोमेन म्हणतात. मी तासन् तास ते बघत बसे.

क्षेत्रासाठी तांब्याच्या तारेची कॉइल लागे. प्रयोगशाळेतली जळाली, तेव्हा मैत्रिणीच्या अब्बांनी नवी भरून दिली. अकोल्यात त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. कॉइल ओढणीत गुंडाळून, मांडीवर घेऊन आम्ही एसटीनं निघालो. मूर्तिजापूरच्या आसपास दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी वाळून उभी होती. मला झापड येत होती, आणि डोळे मिटले की पट्टे सरकत होते.

पुढे एकदा तिचे अब्बा, मी त्यांना चाचा म्हणे, तार घ्यायला अमरावतीला आले आणि कॉइल बघायला प्रयोगशाळेत शिरले. खिडक्यांना काळे पडदे. त्यांनी डोळा लावला, मी करंट वाढवत गेले.

"हे पलटलं," ते कुजबुजले. "हे बी पलटलं." मग मान वर करून मला म्हणाले, "बेटी, याचा आवाज कावून नाही येत?"

मैत्रीण हसली. "अब्बा, ती काय मोटर आहे?"

तेवढ्यात वीज गेली. त्या वर्षांत दुपारी ती जायचीच.

"घ्या! पुसलं असन सारं," चाचा म्हणाले.

"नाही चाचा. उलटलेला चौकोन तसाच राहतो."

"बिना करंटचा?" त्यांना पटेना. "मंग मी पाहूनच जातो."

आम्ही पडदा जरा सारून बसलो. मैत्रिणीनं डबा उघडला. दुकानात दुरुस्त केलेल्या मोटरा तशाच पडून आहेत, चाचा सांगत होते. "विहिरीले पानीच नाही, तं लोकं नेतीन कायले?" उन्हाची तिरीप फरशीवरून भिंतीकडे सरकली. मी त्या तिरिपेकडे बघत राहिले, आणि मध्ये कुठंतरी माझा डोळा लागला.

पंख्याच्या आवाजानं जाग आली. चाचा केव्हाच सूक्ष्मदर्शकावर वाकले होते.

"हाय! जसाच्या तसा हाय!"

त्यांची ठरलेली बस गेली होती. त्यांनी मागून येणाऱ्या बसनं जायचं ठरवलं आणि करंट पुन्हा वाढवायला सांगितलं. मैत्रीण आता अकोल्यात भौतिकशास्त्र शिकवते. ती सांगते, अब्बा अजून दुकानात आलेल्या माणसांना ही गोष्ट ऐकवतात, आणि दर वेळी त्यातले चौकोन वाढत जातात.