कोरडा तळवा

ओवा आणि बाळंतशेप निखाऱ्यांवर तडतडले की जो कडवट, जिभेच्या मुळाशी चिकटणारा धूर उठतो, तो मला आधी आठवतो आणि मग बाळाचा पहिला चेहरा. कमठाण्याला माहेरी, कवाडे लावलेल्या खोलीत, माझ्या बाजेखाली शेगडी असे. आई माझ्या कंबरेला सुती धडपा गुंडाळत म्हणे, "आवळून धर बाई. बाळंतिणीचं अंग उघडं असतंय. वारं शिरलं तर जलमभर निघायचं न्हाई." मी आवळून धरी. दात, मुठी, मांड्या, आणि प्रसूतीत जिथे टाके पडले होते तो देहाचा तळही. पत्र्यावरून वारा सरकला की वाटे, तो घर हुंगतो आहे, कुठे फट राहिली ते शोधतो आहे.

टाके विरघळले. जखम भरल्याचे डॉक्टरांनी सांगितले. दुखणे मात्र तिथेच राहिले. बसले की काचेची कड खालून वर चढत जावी तशी कळ येई. बाळ मान धरू लागले तरी मी त्याला आडवी होऊनच पाजत होते. मांडी घालून बसावे, त्याला मांडीवर घ्यावे, त्याच्या डोळ्यांत पाहत पाजावे, एवढीच माझी इच्छा होती आणि तीच पुरी होत नव्हती. हा देह दुसऱ्या कुणाचा आहे आणि मी त्यात संकोचून राहिलेली पाहुणी आहे, असे मला वाटू लागले. देवाला तरी काय सांगावे? आमच्याकडे डोळा दुखला तर चांदीचा डोळा वाहतात, पाय दुखला तर चांदीचा पाय. माझ्या दुखऱ्या जागेचे नाव मी आईपुढेही कधी उच्चारले नव्हते. ज्या दुखण्याला नाव नाही, त्याला नवस कसा असणार?

बीदरच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपीच्या मॅडम होत्या. दखनी वळणाची त्यांची मराठी मऊ होती. हातमोजा घालून, पावलोपावली माझी परवानगी विचारत, त्यांनी एका बोटाने आतले स्नायू तपासले आणि म्हणाल्या, "अक्का, हितं ढिलं काहीच न्हाई. उलटं गाठ मारून ठेवलाव तुमी. आवळणं बंद. आता सोडायचं शिकायचं. आधी दात सोडा."

मग कुशीवर निजून, गुडघ्यांमध्ये उशी ठेवून, श्वास पोटापर्यंत उतरू देणे आणि त्यासोबत देहाचा तळ सैल पडू देणे सुरू झाले. कोमट पाण्याचा शेक आणि वणावर तेलाच्या बोटाचा हलका दाब. आई बघत बसे. "एवढं शिकून आता श्वास घ्यायला शिकायलीस व्हय? आमी पोटातूनच शिकून आलो." पुष्कळ काही ओसरले, शेवटची गाठ सुटत नव्हती. सोड म्हटले की देह आणखी घट्ट होई. त्याला वाऱ्याची भीती होती आणि ती भीती माझे ऐकत नव्हती.

शेवटी आईने नृसिंहाच्या झरणीला, पाण्याने भरलेल्या भुयाराच्या टोकाशी असलेल्या देवाला, जायचे ठरवले. पाण्यात उतरायला हरकत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. बाहेरच्या दुकानात आई चांदीच्या पातळ पत्र्यांचे अवयव चाळू लागली. "कंबर हाय का?" तिने विचारले. दुकानदार म्हणाला, "कंबर सुटी येत न्हाई, अक्का. आख्खी बाईच घेऊन जावा की." आई हसली, मीही हसले. अंगठ्याएवढी ती चांदीची बाई मुठीत घेऊन, बाळाला आईजवळ पायऱ्यांवर सोडून, मी पाण्यात उतरले.

त्या भुयारात पाणी छातीपर्यंत येते आणि दिव्यांचा पिवळा उजेड त्यावर तेलासारखा हलत राहतो. वर वटवाघळांची कुजबुज, दगडाला ओल्या पिसांसारखा वास. पुढच्या लोकांचा घोष भिंतींवर आपटून असा परत येई की तो माझ्या मागून येतो आहे असे वाटे. अर्ध्यावर ती कड वर चढली. पाय थांबले. मी दात आवळले, मूठ आवळली, आणि घोष पुढे निघून गेला. पाणी अगदी स्थिर झाले.

तेव्हा माझ्या पाठीच्या तळाशी, माकडहाडाच्या जरा वर, एक तळवा टेकला. त्याने ढकलले नाही, दाबलेही नाही. पाण्याखाली असूनही तो कोरडा होता. मग कानाजवळ कुणीतरी श्वास सोडला, इतका लांब की तो संपण्याची वाट पाहता पाहता माझाही श्वास त्याच्यासोबत निघाला. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. जबडा सैल पडला, मग पोट, मग तो तळ. सुताची गाठ पाण्यात भिजून आपोआप सुटावी तसा. कुठल्या क्षणी मूठ उघडली ते मला ठाऊक नाही. मी वळून पाहिले तेव्हा मागे काळे पाणी होते आणि त्यावर एकही तरंग नव्हता. देवापुढे मी रिकामे हात जोडले.

बाहेर आल्यावर आईला विचारले, माझ्यामागून कोण उतरले होते. "कोण न्हाई. मी हितंच बघत बसलेय न्हवं का?" दर्शन घेऊन परतणाऱ्यांपैकी कुणी असेलही, मी त्यावर वाद घालत नाही. मॅडमचे उपचार पुढेही महिनोन्‌महिने चालले आणि त्यांच्या हातांचे ऋण मी रोज मानते. एवढेच म्हणेन की समर्पण म्हणजे देवाला काही देणे, असे मी आजवर समजत होते. धरलेले हातून जाऊ द्यावे आणि ते कुणी घेतले हे विचारू नये, एवढेच ते असावे.

चांदीची बाई पाण्यात गेल्याचे सांगताच आई रागावेल असे वाटले होते. तिने पोर माझ्यापुढे धरले. बाळ भुकेने रडू लागले होते. मी त्याला घेतले, ओल्या लुगड्यानिशी पदराआड धरले. ते एकटक माझ्याकडे पाहत पिऊ लागले. घळीतून आलेला वारा माझ्या उघड्या मानेवरून गेला. आईचा हात सवयीने पिशवीतल्या धडप्याकडे गेला आणि मध्येच थांबला. ती माझ्या पायांकडे बघत होती. तेव्हा मला उमगले की मी दगडी पायरीवर मांडी घातली आहे. मी दचकून उठू लागले. आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हलकेच म्हणाली,

"बैस."