तिच्या दुखण्याचा आकडा

ही हकीकत सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. सत्संगात लोक आपापले अनुभव सांगतात. माझी पाळी आली की मी प्रसादाची वाटी घेऊन बाजूला सरकतो. दत्तगुरूंनी माझ्यावर केलेली कृपा सांगायची, तर आधी मी काय केलं ते सांगावं लागतं.

माझी पत्नी सुमन हाडांच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळली होती. पनवेलच्या इस्पितळातली नर्स तिला विचारायची, "दहापैकी किती दुखतंय?" सुमनने तोंड उघडायच्या आत मी सांगायचो, "दोन-तीन. सोशिक आहे ती." मला धास्ती होती, दुखणं थांबवणाऱ्या मोठ्या औषधाने तिची शुद्ध हरपेल, शेवटी मुखी नाम राहणार नाही. "नाम घे, प्रारब्ध फिटतंय," म्हणायचो. एकदा ती कण्हत म्हणाली, "अहो, नाम घ्यायला श्वास तरी पुरू द्या." मी तिच्या हातात जपमाळ दिली. ती ओठ आवळूनच गेली.

पुढे एसटी स्टँडजवळ रिक्षातून उतरताना मी पडलो, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आणि मी त्याच इस्पितळात पडून होतो. नाम घेऊ लागलो तर एक अक्षर धड उमटेना. उशीचा अभ्रा दातांत धरून कसाबसा पडून राहायचो. जवळच्या गव्हाण गावची एक तरुण नर्स आली, तिने तोच प्रश्न विचारला. शेजारी उभा असलेला माझा मुलगा पटकन म्हणाला, "बाबा सोशिक आहेत. दोन-तीन धरा."

माझंच वाक्य, माझ्याच सुरात.

नर्स त्याला म्हणाली, "दादा, हाड तुमचं मोडलंय काय? मंग तुमी गप ऱ्हा. आजोबा, तुमी खोकून दाखवा."

खोकलो आणि डोळ्यांत पाणी आलं. "नऊ," मी म्हणालो.

"मंग सोसून कुनाला दाखवताय? असंच दुखत ऱ्हायलं तर तुमी खोल श्वास घेनार नाय, छातीत कफ साठंल."

डॉक्टरांना विचारून तिने औषध दिलं. थोड्या वेळाने परत येऊन पुन्हा विचारलं. तोवर दुखणं ओसरलं होतं, शुद्ध शाबूत होती आणि नाम आपोआप ओठांवर आलं होतं. त्या मुलीच्या तोंडून माझे गुरूच बोलले असं मी मानतो. कृतज्ञतेने हात जोडले, पण मन शांत झालं नाही. अजूनही होत नाही. जे मला न मागता मिळालं, ते सुमनने मागूनही मी मिळू दिलं नव्हतं. दात आवळून सोसणं म्हणजेच शरणागती असं मी समजत आलो, आणि तेही दुसऱ्याच्या दातांनी.

रोज तिच्या तसबिरीसमोर निरांजन लावतो. क्षमा मागायला जातो आणि वात सरळ करत बसतो. आज लिहून तरी टाकतो. सुमन, तुझं दुखणं मी सांगायला नको होतं. तुला विचारायला हवं होतं. मला क्षमा कर.